फुटबॉल चँट्सचं ॲप: चाली एकदम कडक, धर्माचा विषय आला की दांडी गुल

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. या टाइपची ॲप्स सगळी एकमेकांची सख्खी भावंडं असल्यासारखी आहेत, तेच स्क्रीन, त्याच कॅटेगऱ्या, क्लिप्ससुद्धा बऱ्याच त्याच, त्यामुळे एकालाच धरून झोडण्यात अर्थ नाही, जे लिहितेय ते थोडंफार सगळ्यांनाच लागू होईल.

काम साधं आहे. क्लब निवडायचा, त्याचे फॅन्स स्टँडमध्ये काय काय गातात त्याची लिस्ट येते, प्ले दाबलं की खऱ्या मॅचमधली क्लिप वाजते, खाली शब्द दिसतात आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात मूळ चाल कुठली ते. टीव्हीवर वर्षानुवर्षं मॅचेस बघितल्या पण ती सगळी जनता मिळून नक्की काय ओरडतेय हे कधी कळलंच नाही, अशा माणसांसाठी (म्हणजे माझ्यासारख्या) हे लय भारी आहे. रेकॉर्डिंग्ज बहुतेक मोबाइलवरची, काही ठिकाणी शेजारचा माणूस खोकतोय तेही ऐकू येतं, पण मला ते आवडलं, स्टुडिओत गाऊन घेतलेला चँट ऐकण्यात काय मजा. सर्च बरा आहे. जाहिराती फार आहेत, दर दोन क्लिपनंतर एक, पेड घेतलं की जातात.

आता सगळ्यात भारी भाग, तो 'मूळ चाल' वाला टॅब. मला कल्पनाच नव्हती की इंग्लंडच्या स्टँडमधल्या कितीतरी चाली सरळ चर्चमधून उचललेल्या आहेत. समोरच्या टीमने गोल खाल्ला आणि त्यांचे फॅन्स गप्प झाले की इकडून सगळे मिळून 'आता का आवाज बसला' छाप जे चिडवतात ना, ती चाल एका वेल्श भजनाची आहे, क्वम रोन्डा नावाची, जॉन ह्यूजने १९०७ च्या सुमारास बांधलेली, मूळ गाण्यात देवाला म्हटलंय की मला या वाळवंटातून वाट दाखव. चेल्सीवाले 'केअरफ्री' म्हणून जे गातात त्याची चाल अमेरिकेतल्या शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची, १८४८ ची. साउदॅम्प्टनवाले संतांचं गाणं गातात कारण तो क्लबच १८८५ मध्ये सेंट मेरीज चर्चच्या तरुण मंडळाने काढला. एफए कप या इंग्लंडच्या जुन्या स्पर्धेच्या फायनलच्या आधी १९२७ पासून एक भजन म्हटलं जातं, आणि ते गंभीरपणे म्हटलं जातं, त्यात कुणी चिडवाचिडवी करत नाही. आणि १९६१ चा किस्सा तर मला या ॲपनेच सांगितला, टॉटनहॅम युरोपियन कपमध्ये पोलंडच्या गुर्निक झाब्झेकडून ४-२ ने हरून आले, तिकडच्या पेपरांनी लिहिलं की हे काही देवदूत नाहीत, दांडगाईने खेळतात, तर परतीच्या मॅचला टॉटनहॅमचे काही फॅन्स पांढऱ्या चादरी गुंडाळून देवदूत बनून मैदानाच्या कडेने फिरले, हातात बायबलच्या भाषेतले फलक, आणि अख्खं स्टेडियम ग्लोरी ग्लोरी हालेलुया गायला लागलं. ८-१ ने जिंकले.

एव्हर्टन, मँचेस्टर सिटी, ॲस्टन व्हिला, फुलम, हे सगळे क्लब कुठल्या ना कुठल्या चर्चच्या किंवा संडे स्कूलच्या अंगणातून सुरू झालेत. म्हणजे फुटबॉल आणि धर्म यांची ओळख नवीन नाहीच, आणि धर्माची थट्टा पण नवीन नाही. लिव्हरपूलची ती जुनी गोष्ट पण इथे लिहिलेली आहे, साठच्या दशकातली, एका चर्चच्या बोर्डवर लिहिलं होतं म्हणे की प्रभू येशू लिव्हरपूलला आले तर तुम्ही काय कराल, खाली कुणीतरी लिहून गेलं की सेंट जॉनला इनसाइड लेफ्टला खेळवू. (इयान सेंट जॉन हा त्यांचा तेव्हाचा फॉरवर्ड. गोष्ट खरी असेल नसेल, जोक एक नंबर आहे.) अर्जेंटिनात रोसारिओला १९९८ मध्ये काही फॅन्सनी मॅराडोनाच्या नावाने चक्क एक चर्च काढलं, ख्रिस्ती प्रार्थनेच्या धर्तीवर डिएगोची प्रार्थना, त्याच्या वाढदिवशी ३० ऑक्टोबरला त्यांचा नाताळ, वर्षं पण त्याच्या जन्मापासून मोजतात. ॲपमध्ये ही प्रार्थना 'गमतीशीर' मध्ये आहे आणि ते बरोबरच आहे, त्याच धर्मात वाढलेल्या लोकांनी आपल्याच प्रार्थनेची केलेली थट्टा आहे ती, दुसऱ्या कुणावर धरलेली नाही.

इथपर्यंत मी खूश होते. मग सेटिंगमध्ये 'फॅमिली मोड' सापडला.

आयडिया चांगली आहे. मुलं पण फोन घेतात, शिव्या नको, द्वेष नको, एक बटण ऑन करायचं की नको त्या क्लिप्स गायब आणि ज्या वादग्रस्त आहेत त्यांच्यावर लाल त्रिकोण. ऑन केलं आणि पहिला कुठला चँट गायब झाला असेल? मोहम्मद सलाहचा, म्हणजे इजिप्तच्या त्या मुस्लिम फॉरवर्डचा. तोच तो २०१८ मध्ये जगभर फिरलेला, लिव्हरपूलच्या फॅन्सचा, ज्यात ते म्हणतात की हा अजून थोडे गोल मारेल तर मी पण मुसलमान होईन आणि तो मशिदीत बसलाय तर मला पण तिथेच बसायचंय. चाल नव्वदच्या दशकातल्या एका ब्रिटिश पॉप गाण्याची, एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही. एवढा लाडाचा चँट आणि फिल्टरने उडवला, कारण उघड आहे, त्यात 'मुस्लिम' आणि 'मशीद' हे दोन शब्द आहेत.

आणि काय राहिलं माहितीये? टॉटनहॅमच्या पानावरच्या विरोधी फॅन्सच्या क्लिप्समध्ये एक फुसफुस आवाजाची क्लिप आहे. नुसता 'स्स्स्स' असा आवाज, हजारो तोंडातून एकदम. टॉटनहॅमचा ज्यू समाजाशी जुना संबंध मानला जातो, आणि हा आवाज म्हणजे नाझींच्या छळछावण्यांतल्या गॅस चेंबरची नक्कल आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये वेस्ट हॅमच्या काही फॅन्सनी टॉटनहॅमच्या तेव्हाच्या मैदानावर, व्हाइट हार्ट लेनला, हेच केलं होतं आणि त्याची चौकशी झाली होती, ही काही गुप्त माहिती नाही, इंग्लिश फुटबॉल फॉलो करणाऱ्या कुणालाही माहिती असतं. पण त्यात शब्दच नाहीत ना, मग फिल्टर धरणार काय? क्लिप फॅमिली मोडमध्ये आरामात वाजते. कॅटेगरी कुठली तर 'गर्दीचे आवाज'. ड्रम, शिट्ट्या, टाळ्या आणि हे.

मला वाटतं हे बघितल्यावर या ॲपबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही, पण सांगतेच, कारण प्रॉब्लेम फक्त फिल्टरचा नाहीये. प्रॉब्लेम हा आहे की ॲप चँटला गाणं समजतं. शब्द, चाल, क्लब, संपलं. चँट असं कधीच नसतं, तो कुणीतरी कुणाकडे तरी बोट करून म्हटलेला असतो, आणि धर्माचा विषय असेल तर सगळं त्या बोटावर अवलंबून असतं. त्याच सलाहवर चेल्सीच्या काही फॅन्सनी दुसरा चँट केला होता, एप्रिल २०१९ मध्ये, स्लाविया प्रागच्या मॅचला गेले असताना प्रागमधल्या एका बारमध्ये त्याला बॉम्बवाला म्हणत होते, व्हिडिओ बाहेर आला आणि चेल्सीने त्या रात्री तिघांना स्टेडियममध्ये घेतलं नाही. खेळाडू तोच, त्याचा धर्म तोच, एकीकडे लाड आणि दुसरीकडे घाण. ॲपमध्ये दोन्हीवर एकच लाल त्रिकोण, एकच वाक्य: 'धार्मिक उल्लेख'. (तीन दिवसांनी लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डला, चेल्सीविरुद्ध सलाहने लांबून जो गोल मारला आणि नंतर एका पायावर योगासनात उभा राहिला, तो व्हिडिओ शोधून बघा, ॲपमध्ये नाहीये.)

सलाहच्या चँटबद्दल सगळे मुस्लिम फॅन्स खूशच होते असंही नाही, हे पण खरं. काहींना ते मनापासून आवडलं, काहींना वाटलं की गोल मारतोय तोपर्यंतच ना हे प्रेम, गोल आटले की काय? ही शंका अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. पण त्यावर चक्क अभ्यास झालाय, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या एका मोठ्या जर्नलमध्ये आलाय. त्यात त्यांनी बघितलं की सलाह २०१७ मध्ये लिव्हरपूलला आल्यानंतर मर्सीसाइड भागात (लिव्हरपूल शहर इथेच येतं) द्वेषाचे गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी नोंदले गेले आणि लिव्हरपूलच्या फॅन्सची मुस्लिमविरोधी ट्वीट्स इतर मोठ्या क्लबांच्या फॅन्सच्या तुलनेत निम्म्यावर आली. आता हे चँटमुळे झालं असं कुणी म्हणत नाहीये, गडी गोलवर गोल मारत होता, गोल झाला की मैदानात सजदा करत होता, सगळ्यांना दिसत होतं. पण असा चँट फॅमिली मोडमध्ये लपवायचा म्हणजे कमाल झाली.

आता स्कॉटलंडमधलं ग्लासगो. इथे ॲपची खरी परीक्षा होती आणि इथे ते सपशेल नापास झालंय.

सेल्टिक आणि रेंजर्स, ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेंजर्स १८७२ चा क्लब, प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी निष्ठा असलेल्या लोकांचा मानला जातो. सेल्टिक १८८७ चा, ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या कॅथलिक धर्मबंधूने ईस्ट एंडमधल्या गरीब पोरांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला काढलेला, आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक लोकांचा. सेल्टिकची पहिलीच मॅच १८८८ मध्ये रेंजर्सच्या टीमशी झाली आणि ती मैत्रीपूर्ण होती, ५-२, हे आज वाचलं तर हसू येतं. नंतर इतकं बिघडलं की रेंजर्स वर्षानुवर्षं उघड कॅथलिक खेळाडू घेत नव्हते, १९८९ मध्ये त्यांनी मो जॉन्स्टनला घेतलं, तो आधी सेल्टिककडून खेळलेला, तर त्यांच्याच काही फॅन्सनी स्कार्फ जाळले. १९९५ मध्ये सेल्टिकची मॅच बघून घरी चाललेल्या १६ वर्षांच्या मुलाचा रस्त्यात खून झाला, आणि त्याच्या एका मैत्रिणीने पुढे 'निल बाय माउथ' ही संस्था काढली, जी आजही या पंथद्वेषाविरुद्ध काम करते.

या पार्श्वभूमीवर ॲपमध्ये 'बिली बॉइज' उघडा. चाल: अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातलं एक संचलन गीत, १८६५. बरोबर. शब्द: पूर्ण, सगळे, कॅथलिक आयरिश लोकांच्या रक्तात गुडघ्यापर्यंत उभे आहोत ही ओळ धरून. माहिती: 'रेंजर्सचा पारंपरिक चँट'. बस. एवढंच. हे गाणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्लासगोतल्या एका रस्त्यावरच्या टोळीशी जोडलेलं आहे हे नाही. २००६ मध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, यावर कारवाई केली तेव्हा आधी शिस्तपालन समितीने सोडून दिलं होतं, कारण काय तर हे तिथे वर्षानुवर्षं चालत आलंय, समाजाचाच भाग झालंय, आणि मग युएफानेच स्वतःच्या समितीविरुद्ध अपील केलं आणि दंड झाला, हा सगळा मजेशीर प्रकार नाही. २०१९ मध्ये पंथद्वेषी चँट्समुळे पोलंडच्या लेगिया वॉर्साच्या मॅचला रेंजर्सच्या आयब्रॉक्स स्टेडियमचे कमीत कमी ३००० सीट्सचे भाग बंद ठेवायला लागले, तेही नाही. आयरिश दुष्काळावरून 'आता घरी जा' असं म्हणणारं जे दुसरं गाणं आहे ते २००९ मध्ये स्कॉटलंडच्या कोर्टाने वंशद्वेषी ठरवलं, ते तर ॲपमध्ये 'चिडवणारे' या कॅटेगरीत टाकलंय. आयरिश दुष्काळ म्हणजे काय याची एक ओळ तरी टाका राव. दहा लाखांच्या आसपास माणसं मेलीत त्यात.

उगाच एकाच बाजूला झोडते असं नको, सेल्टिकच्या पानावर पण तेच. आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेची स्तुती करणारी गाणी 'लोकगीतं' म्हणून टाकलीत. सेल्टिकचे बरेच फॅन्स म्हणतात की हे राजकीय आहे, धार्मिक नाही, आणि तो मुद्दा पूर्ण फेकून देता येत नाही, पण २०११ मध्ये फ्रान्सच्या रेन क्लबसोबतच्या मॅचनंतर युएफाने त्यांनाही दंड केलाच की. तो वाद तिथे आहे, खराखुरा आहे, दोन्ही बाजूंनी माणसं तावातावाने बोलतात, तर निदान तो वाद आहे एवढं तरी वापरणाऱ्याला सांगा. नवीन पोरगा 'लोकगीत' समजून चुकीच्या गल्लीत गुणगुणत गेला तर?

बाकी ग्लासगोत चँटच कशाला, नुसता हात पण पुरतो. सेल्टिकचा पोलिश गोलकीपर आर्टुर बोरुत्स, २००६ मध्ये आयब्रॉक्सवर रेंजर्सच्या फॅन्ससमोर केलेल्या हावभावांवरून त्याला अधिकृत ताकीद मिळाली होती, त्या हावभावांत छातीवर क्रॉस काढणं पण होतं, त्यावरून कॅथलिक चर्च भडकलं आणि मग सरकारी वकिलांना खुलासा करायला लागला की नुसत्या क्रॉससाठी नव्हती हो ताकीद, बाकीच्या इशाऱ्यांसाठी होती. म्हणजे प्रार्थना कुठे संपते आणि डिवचणं कुठे सुरू होतं हे तिथल्या वकिलांना ठरवायला जड जातं, आणि आमचं ॲप एका त्रिकोणात ठरवणार.

यात सगळ्यात धोकादायक फीचर 'मॅच-डे मोड'. मॅच चालू असताना ॲप नोटिफिकेशन पाठवतं की आता हा चँट गा. कॉर्नर मिळाला, हा गा, गोल झाला, हा गा. साध्या मॅचला मजा येते, खरंच येते, घरी एकटं बसून बघताना तर फारच. पण नोटिफिकेशन कशावर ठरतं तर सर्वात जास्त प्ले झालेल्या क्लिपवर, आणि सर्वात जास्त प्ले काय होतं, तर ज्यावर बोंबाबोंब झालीये ते, कारण बातमी वाचून लोक ऐकायला येतात. त्यामुळे ग्लासगो डर्बीला, म्हणजे सेल्टिक-रेंजर्स मॅचला, माझ्या फोनवर नेमका बिली बॉइज टुणकन वर आला, सोबत नाचणारा इमोजी. बंद करून टाका हा मोड, डर्बीच्या दिवशी तरी नक्की.

टॉटनहॅमकडे परत येते, कारण तिथला 'वाय-वर्ड'चा मामला ॲपने अर्धवट का होईना मांडलाय. ज्यू लोकांसाठीची शिवी, विरोधी फॅन्स टॉटनहॅमवाल्यांना द्यायचे, तर टॉटनहॅमच्या फॅन्सनी तीच उचलून स्वतःला लावून घेतली, त्यातले बरेचसे स्वतः ज्यू नाहीत. २०१३ मध्ये ती म्हटल्याबद्दल तीन टॉटनहॅम फॅन्सना अटक झाली, पुढच्या वर्षी केस सोडून दिली. मग क्लबने सर्व्हे केला, २३,००० च्या वर लोकांनी उत्तरं दिली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये क्लबने सांगितलं की आता पुढे जाऊया, हे सोडूया. ॲपमध्ये हे दोन ओळींत आहे, छान आहे, पण फिल्टर मात्र सरसकट, टॉटनहॅमचे म्हणतायत की समोरचे म्हणतायत याने काही फरक पडत नाही. माझं स्वतःचं मत क्लबच्या बाजूने आहे, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या ज्यू माणसाला त्या शिवीने काय आठवत असेल हे बाकीच्यांनी अभिमानाच्या नावाखाली ठरवू नये. पण म्हणून दोन्ही गोष्टी एकच होत नाहीत ना बाबा, एक चुकलेला लाड आहे आणि दुसरा सरळ हल्ला.

ॲम्स्टरडॅमच्या आयाक्सचं तसंच. फॅन्स स्वतःला सुपर-ज्यू म्हणवतात, झेंड्यांवर डेव्हिडचा तारा, आणि समोरून फेयेनूर्ट वगैरेंच्या फॅन्सकडून गॅसचे चँट्स येतात. ज्या देशातल्या ज्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश महायुद्धात मारले गेले त्या देशात. २०११ मध्ये तर डेन हागच्या एका खेळाडूनेच आयाक्सला हरवल्यावर फॅन्ससोबत ज्यूंच्या शिकारीचं गाणं म्हटलं आणि त्याच्यावर बंदी आली. ॲपमध्ये डच क्लबांचे चँट्स भरपूर आहेत, पण शब्दांचा फिल्टर इंग्रजीपुरताच चालतो बहुतेक, कारण हे सगळं फॅमिली मोडमध्ये बिनधास्त दिसतं. या तुलनेत अर्जेंटिनाच्या सान लोरेन्झोचं प्रकरण गोड म्हणायचं, लोरेन्झो मासा नावाच्या पाद्रीने पोरांना रस्त्यावरून चर्चच्या अंगणात खेळायला घेतलं त्यातून १९०८ मध्ये क्लब झाला, पाद्रीचा काळा झगा बघून समोरचे त्यांना कावळे म्हणायला लागले, आणि आज ते स्वतःच अभिमानाने कावळे म्हणवतात, दिवंगत पोप फ्रान्सिससुद्धा त्यातलेच होते. तिथे कुणाला लागलं नाही कारण त्या कावळ्यामागे कुणाचं मरण नाही.

इस्रायलच्या बेतार जेरुसलेम क्लबचं पान उघडलं आणि लगेच बंद केलं. २०१३ मध्ये दोन चेचेन मुस्लिम खेळाडू आले तर 'बेतार कायम शुद्ध' असा बॅनर, क्लबच्या ऑफिसला आग, आणि त्यातल्या एकाने, झौर सादायेव्हने, गोल मारला तर आपल्याच टीमचा गोल झाल्यावर शेकडो फॅन्स उठून निघून गेले. या गटाचे चँट्स ॲपमध्ये 'पॅशन' रेटिंगला पाचपैकी पाच. पॅशन आहे खरं. कशाची ते पण लिहा.

'नियम' नावाचा एक टॅब आहे, तो बघून थोडी शांत झाले. युएफाचं कलम १४ नीट दिलंय, वंश, रंग, धर्म वगैरे कुठल्याही कारणाने माणसाचा अपमान केला तर खेळाडूला किमान दहा मॅचेस, फॅन्सनी केलं तर आधी स्टेडियमचा काही भाग बंद, परत केलं तर एक मॅच पूर्ण रिकाम्या स्टेडियममध्ये आणि ५०,००० युरो दंड. क्लबने आम्ही काय करणार म्हटलं तरी सुटका नाही. मॅच थांबवायच्या तीन पायऱ्या पण दिल्यात, आधी घोषणा, मग टीम्स आत, मग मॅचच रद्द. स्कॉटलंडचा फुटबॉलसाठीचा खास कायदा २०१२ मध्ये आला आणि २०१८ मध्ये रद्द झाला, तेही आहे. एक मात्र राहिलंय. इंग्लंडचा १९९१ चा जो फुटबॉल गुन्ह्यांचा कायदा आहे, चँट्सवरचा, त्याच्या व्याख्येत रंग, वंश, राष्ट्रीयत्व, मूळ हे सगळं आहे पण धर्म हा शब्द नाही. म्हणजे धर्मावरून केलेल्या चँटला दुसऱ्या कायद्यांखाली पकडायला लागतं. ही गोष्ट या ॲपसाठी किती महत्त्वाची आहे, आणि ती नाहीये.

रिपोर्टचं बटण आहे. त्या फुसफुस क्लिपबद्दल मी सविस्तर लिहून पाठवलं, तर उत्तर आलं की या क्लिपमध्ये आमच्या धोरणाचं उल्लंघन करणारा कुठलाही शब्द आढळला नाही. हे उत्तर माणसाने लिहिलं असेल असं वाटत नाही, आणि माणसाने लिहिलं असेल तर अजूनच वाईट.

वर कुणी म्हणेल की जाऊ दे ना, एवढं कशाला, सगळं घाणेरडं काढून टाका आणि मोकळे व्हा. ते पण नको. २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये मॅचेस झाल्या तेव्हा टीव्हीवर व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज लावला होता आठवतंय? स्टँड्स इतके सभ्य कधीच नव्हते आणि ऐकायला इतकं फिकं कधीच लागलं नव्हतं. मला बिली बॉइज ॲपमधून काढलेला नकोय. मला तो तिथे हवाय, कोण गातं, कुणावर गातं, त्याचं काय झालं, हे सगळं शेजारी लिहून, आणि मॅच-डे नोटिफिकेशनमधून हद्दपार. हे काही रॉकेट बनवायचं काम नाहीये, प्रत्येक क्लबचे दोन जुने फॅन्स आणि समोरच्या क्लबचे दोन बसवले तर एका आठवड्यात लिहून होईल. समोरच्या क्लबचे बसवायचेच, कारण आपला चँट दुसऱ्याला कुठे लागतो हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं.

घ्यायचं का? फुकटवालं घ्या, पेडची गरज नाही, पेडमध्ये फक्त जाहिराती जातात आणि क्लिप्स ऑफलाइन सेव्ह होतात. मुलांच्या हातात फॅमिली मोडच्या भरवशावर देऊ नका, तो ऑफ ठेवलात तर निदान सलाह तरी ऐकायला मिळेल. पाचपैकी दोन स्टार देणार होते, तिसरा त्या मूळ चालीच्या टॅबचा, आणि गुर्निकच्या देवदूतांचा.